इठाची अर्धी गोष्ट

"इठा, ऊठ बाळ. दिवाळीत काय काय केलंस ते सांग बरं सगळ्यांना."

मगदूम गुरुजींनी हे इतक्या मायेनं म्हटलं की मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या मलाच उठून काहीतरी सांगावंसं वाटलं. इठा उठली. फ्रॉकची झालर तिनं दोन्ही मुठींत धरली आणि गुरुजींकडे बघत म्हणाली, "आमी दिवाळीला रानात हुतो."

"हं," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"कोण ते?" गुरुजींची मान वळली. "संगे, तूच ना? कुणी बोलत असताना मधे आवाज करायचा नाही. काय ठरलंय आपलं?"

संगी हाके खाली मान घालून उभी राहिली. तिच्या वतीनं सगळ्या वर्गानं ओरडून उत्तर दिलं, "एक बोलेल, बाकीचे ऐकतील!" हेच वाक्य फळ्याच्या वर निळ्या रंगात लिहिलेलंही होतं, शेजारी एक कान काढलेला होता.

"शाबास. हां, इठा, पुढं सांग. आम्ही सगळे ऐकतोय."

आणि खरंच सगळे ऐकत होते. वर्ग चिडीचूप. इठानं भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या पायांकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मग कुणी न सांगताच ती खाली बसली.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "बघितलंत ना, मॅडम?" असं ते डोळ्यांनीच म्हणाले.

मी तेव्हा तालुक्याची भाषेची साधनव्यक्ती होते. हे नाव कुणी ठेवलं देव जाणे, पण नोकरी साधी होती. शाळाशाळांतून जायचं, दुसऱ्याच्या वर्गात मागं बसायचं, आणि मुलं बोलती, वाचती, लिहिती कशी होतील यासाठी शिक्षकाला मदत करायची. शिक्षकांना मी तपासायला आलेय असं वाटायचं आणि साहेबांना मी फिरायला जाते असं वाटायचं. मगदूम गुरुजी मात्र माझी वाट बघायचे. ते शिरोळकडचे, उसाच्या मळ्यात वाढलेले. बदली होऊन माणदेशातल्या या उघड्याबोडक्या लवटेवस्तीवर आले तेव्हा पहिले काही दिवस नुसते शिंकत होते म्हणे. पण माणूस कामाचा. जुन्या मोज्यांच्या बाहुल्या केल्या होत्या, चित्रं चिकटवून पुठ्ठ्याची कार्डं केली होती, रोज शेवटचा तास गप्पांचा ठेवला होता. वस्तीवरची बहुतेक मुलं धनगरांची. त्यांच्या बोलीला ते हसत नव्हते, उलट ती शिकत होते.

इठाला गेल्या वर्षी शाळेत घातलं होतं. वयानं मोठी म्हणून एकदम दुसरीत. त्याआधी ती आईबापाबरोबर मेंढरांमागं हिंडायची. आता तिसरीत होती. अक्षर असं की बघत राहावं. तोंडी हिशेबात गुरुजींच्याही आधी उत्तर. पण चार माणसांत उभं केलं की पहिलं वाक्य यायचं आणि दुसरं यायचंच नाही. गुरुजींनी बाहुली हातात देऊन पाहिली, चित्र देऊन पाहिलं, एकटीला बोलावून पाहिलं. मी आमच्या शिक्षक-शिबिरातला हुकमी सल्ला दिला होता: घाई करू नका, तिला वेळ द्या, शांतपणे ऐका. गुरुजी आज्ञाधारक. त्यांनी वर्गाला शांत राहायची अशी सवय लावली की मोठ्या शाळांनी येऊन बघून जावं.

मधल्या सुट्टीत आम्ही दोघं व्हरांड्यात खिचडीच्या ताटल्या घेऊन बसलो होतो, तेवढ्यात इठाचे वडील आले. धुळा लवटे. उंच, काटक माणूस, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. व्हरांड्याच्या पायरीखालीच उभे राहिले.

"वर या की," गुरुजी म्हणाले.

"न्हाय, हितंच बरं. गुरुजी, उद्या वाडा हालतोय आमचा. कोकणात उतरायचं. सकाळच्याला येतो इठीला न्यायाला."

गुरुजींच्या हातातली ताटली तशीच राहिली. "न्यायला? आहो, गेल्या वर्षी तर चुलतीजवळ राहिली ना ती?"

"ऱ्हायली. औंदा नेतो. साळंतनं काडतो तिला."

"पण का? अक्षर बघितलंत का तिचं?"

"बगितलं. झ्याक हाय. गनितबी चांगलं हाय म्हंत्यात." त्यांनी काठी पायरीला टेकवली. "परवा मी हितनं चाललो हुतो. खिडकीतनं आत डोकावलो. तुमी तिला उबं केलं हुतं. उबी ऱ्हायली आन् बसली. गुरुजी, ती माझी पोरगी न्हवंच. माझी पोरगी बोलती. मेंढरामागं चालताना तिचं त्वांड मिटत न्हाय. तुमच्या साळंनं मुकी केली तिला."

गुरुजींचा चेहरा पडला. मी मधे बोलले. बोलायची सवयच आहे मला. "लवटे, असं एकदम नका ठरवू. एकदा शाळा सुटली की पुन्हा धरणं अवघड असतं. पुढं जगात वावरायचं तर शिकायला नको का?"

"बाई," ते अगदी शांतपणे म्हणाले, "बोलनारी पोर आडानी ऱ्हायली तरी जगंल कुटंबी. मुकी शिकून काय करनार?"

मी खिचडीची ताटली खाली ठेवली.

"मला थोडे दिवस द्या," गुरुजी म्हणाले.

"दिस कुटनं आनू? गवात सपलं हितलं. मेंढरं थांबत्यात व्हय?" असं म्हणून त्यांनी हात जोडले आणि निघून गेले.

दुपारभर गुरुजींचं शिकवण्यात लक्ष नव्हतं. शाळा सुटल्यावर ते मला म्हणाले, "मॅडम, तुमची एस.टी. सोडून द्या. आपण त्यांच्या वाड्यावर जाऊ. तिच्या आईशी बोलू. मी रात्री तुम्हाला तालुक्याला सोडतो."

मी त्यांच्या फटफटीवर मागं बसले. वाट म्हणजे नुसती धूळ. पदरानं तोंड झाकून मी मनातल्या मनात भाषण जुळवत होते, की मुलगी शिकली तर काय काय होतं वगैरे. हे भाषण मी आईबापांपुढं बऱ्याचदा केलेलं होतं आणि दर वेळी त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलेलं होतं.

लवटेंचा वाडा एका पडीक रानात उतरला होता. वाडा म्हणजे भिंतीछपराचा नव्हे. धनगर जिथं मेंढरं घेऊन मुक्काम करतात तो वाडा. एका बाजूला कोकरांसाठी जाळीचं कुंपण, दुसऱ्या बाजूला बिऱ्हाड, उद्या घोड्यांवर लादायचं म्हणून आत्ताच बांधून रचून ठेवलेलं. दिवस मावळायला आला होता. इठाची आई रखमा चुलीपुढं होती.

"मालक आजून आलं न्हाईत मेंढरं घिऊन. बसा, च्या ठिवते," ती म्हणाली.

आम्ही बिऱ्हाडाच्या ढिगाला टेकून बसलो. आणि ढिगाच्या पलीकडून आवाज आला.

"तर त्यो बोकूड हुता आगाव. सगळ्यांच्या फुडं चालायचा."

"हं."

"त्येला वाटायचं, ह्यो समदा कळप माझाच हाय."

"हं."

"मालक काठी घिऊन मागनं चालतुया, ते ह्येला दिसतच न्हवतं. कसं दिसंल? ह्येनं कदी मागं वळून बगितलंच न्हवतं!"

"हंऽऽ!" दोन बारके आवाज हसत हसत.

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आवाज इठाचा होता. मी हळूच मान काढून पाहिलं. ती कुंपणात उकिडवी बसून एकेका कोकराला कोवळा पाला चारत होती, आणि समोर तिची दोन चुलतभावंडं, अगदी लहान, फतकल मारून बसली होती. हातांना काम होतं आणि तोंडातून गोष्ट वाहत होती. बोकडाचा आवाज वेगळा, कुत्र्याचा वेगळा, मालकाचा तर थेट धुळा लवटेंचाच. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, कुठं एकाच शब्दावर दोनदा पाय द्यायचा, सगळं तिला ठाऊक होतं. मी इतकी वर्षं भाषा शिकवली, पण मला असं सांगता येत नव्हतं. शिबिरात सांगणारे जे मोठे लोक यायचे त्यांनाही येत नव्हतं.

"मग त्यो बोकूड येकटाच डोंगराच्या टकुऱ्यावर गेला."

"हं." या वेळी एकच आवाज.

"आन् पल्याड बगितलं तर..."

आणि पुढं काहीच नाही. आम्ही वाट बघतोय. कोकराची बें बें, चुलीतलं जळण तडतडलेलं, पण इठा गप्प.

"बघितलं तर काय?" गुरुजींनी कुजबुजत मलाच विचारलं.

मी पुन्हा डोकावले. एक पोरगं कधीच उठून कुत्र्यामागं पळालं होतं. दुसरं कोकराच्या अंगावर मान टाकून झोपी गेलं होतं. इठा उठली, झोपलेल्याच्या अंगावर पटकूर टाकलं आणि दुसऱ्या कोकराकडे गेली. जणू गोष्ट कुणी सांगतच नव्हतं.

रखमानं चहाचे पेले आणून ठेवले. आमचे चेहरे बघून तिला हसू आलं. "आता न्हाय सांगायची ती. धाकटं निजलं न्हवं? हुंकारी थांबली."

"हुंकारी?" गुरुजी म्हणाले.

"व्हय. हुंकारी दिल्याबिगार कोन गोष्ट सांगतं व्हय? भिंतीला सांगायची का? हुंकारी थांबली म्हंजे ऐकनारं उठून गेलं, न्हायतर निजलं. मग सांगनाऱ्यानं गप बसायचं. तुमच्यात देत न्हाईत?"

"देतात," गुरुजी अगदी हळू म्हणाले. "माझी आजी सांगायची तेव्हा आम्ही पण द्यायचो. नाही दिली तर म्हणायची, झोपला का रे."

मीसुद्धा द्यायची. माझ्या आईला, मावशीला, सगळ्यांना. कऱ्हाडला आमच्या घरी गोष्ट सांगायच्या आधी विचारायचेच, हुंकारी कोण देणार? पण शाळेत पाय ठेवला आणि कुणी तरी सांगितलं, हाताची घडी, तोंडावर बोट. तेव्हापासून ते इतकं अंगात मुरलं की आम्हा दोघांनाही हे शाळेच्या दारातून आत आणायचं कधी सुचलंच नाही.

गुरुजींनी पेला खाली ठेवला. "मॅडम," ते म्हणाले, "संगी देत होती."

मी मान हलवली.

"रोज कुणी ना कुणी द्यायचं. पहिल्या वाक्याला. आणि मी गप्प करायचो. शाब्बासकी पण द्यायचो गप्प बसल्याची." त्यांनी ढिगापलीकडे पाहिलं. "आम्ही सगळे ऐकतोय, असं म्हणायचो मी तिला. आणि तिला वाटत असणार, सगळे झोपले."

धुळा लवटे आले ते मेंढरांच्या लोंढ्यातच आले. गुरुजी धूळ बसायचीही वाट न बघता पुढं धावले आणि सगळं भडाभडा सांगायला लागले. हुंकारी, संगी, निळ्या रंगातलं वाक्य, सगळं. लवटेंनी मुंडासं सोडलं, झटकलं, पुन्हा बांधलं. सगळं ऐकून घेतलं.

"बरं," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय? सकाळी येतो न्यायाला. बिऱ्हाड लादून झालं की येतो."

मला तालुक्याला सोडलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "उद्या पहिल्या गाडीनं याल?"

मी गेले. न जाऊन सांगते कुणाला.

शाळा भरली होती. प्रार्थना झाली. गुरुजी खुर्चीवर बसले नाहीत, सतरंजीवर मुलांच्यात जाऊन बसले. मुलं बावचळली.

"आजपासून," गुरुजी म्हणाले, "कुणी काही सांगत असेल तर बाकीच्यांनी हुंकारी द्यायची."

सगळ्या माना एकदम वर, त्या निळ्या वाक्याकडे गेल्या. मग संगीकडे गेल्या. संगी चाचरत म्हणाली, "शिक्षा न्हाय?"

"नाही. कालची पण चुकून झाली. आता जो हुंकारी देणार नाही त्याला शिक्षा."

मुलांना हे फारसं खरं वाटलं नसावं. म्हणून गुरुजींनी स्वतःच सुरुवात केली. लहानपणी उसाच्या फडात त्यांना नाग दिसला होता त्याची गोष्ट. पहिल्या वाक्याला एकटी संगी "हं" म्हणाली, तेही हात लावून बघावं तसं. दुसऱ्याला तिघं चौघं. पाचव्या वाक्याला सगळा वर्ग घुमला. आणि गंमत म्हणजे मगदूम गुरुजी, जे एरवी पाठ्यपुस्तकाच्या बाहेर फारसं जायचे नाहीत, ते असे रंगले की नागाची लांबी वाढत वाढत फडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मी तोंडाला पदर लावून हसत होते.

"आता इठा," ते म्हणाले.

इठा उठली. झालर मुठीत. बाहेर लांब घोड्यांच्या घंट्या वाजत होत्या. तिनंही त्या ऐकल्या असणार, कारण एकदा दाराकडे पाहिलं.

"साळंत यायच्या आदीची गोष्ट हाय," ती म्हणाली.

"हं!" सगळा वर्ग.

इठा दचकली. अक्षरशः एक पाऊल मागं गेली. मग तिनं सगळ्यांकडे डोळे फिरवले, संगीकडे, गुरुजींकडे, माझ्याकडे. तिच्या मुठी सुटल्या.

"आमी कोकणात चाललो हुतो. घाट उतरत हुतो."

"हं."

"आन् वाटंतच येक मेंढी व्याया लागली."

"हं."

"कळप थांबत न्हाय. कळप थांबला की वाटंत सांडतो. म्हून आबा म्हनलं, इठे, तू थांब हिच्यापाशी. मी कळप खाली सोडून येतो."

"हंऽ."

"आन् आबा गेलं. आन् धुई आली."

इथं हुंकारी फाटली. धनगरांच्या मुलांनी दिली, दोन मळेकऱ्यांच्या पोरी गप्प राहिल्या. इठानं ते लगेच टिपलं. तिकडे वळून म्हणाली, "धुई म्हंजे धुकं गं. पुस्तकात हाय न्हवं का, धुकं. तसलं. पर पुस्तकातलं बारीक हाय. ह्ये आसं आलं की माजा हातबी मला दिसंना."

"हंऽऽ!" त्या पोरीसुद्धा.

मी इतकी वर्षं मुलांना शब्द कसे शिकवावेत हे सांगत फिरत होते. आणि ही पोरगी हुंकाराच्या कमीजास्तीवरून ओळखत होती की कोणाला शब्द पोचला, कोणाला नाही. नाही त्याच्याकडे वळून दुसरा शब्द देत होती, आणि गोष्टीचा धागा एकदाही सुटत नव्हता. कुणाची हुंकारी घाबरलेली, कुणाची उतावीळ, कुणाची "मंग?" अशी, सगळं ती झेलत होती आणि त्यातूनच पुढचं वाक्य काढत होती. गुरुजींचे डोळे भरले होते, पण हुंकारी ते चुकवत नव्हते.

इठा सांगत होती. मेंढी व्याली, कोकरू ओलं, थंडी अशी की दात वाजतायत. तिनं कोकरू फ्रॉकमधे घातलं. बाप यायला उशीर. आणि मग वरच्या झाडीतून दगड सुटल्याचा आवाज.

"बिबट्या," एक पोरगा म्हणाला.

"मला काय ठावं? दिसतच न्हवतं न्हवं का. पर मेंढीनं कान टवकारलं. तिला वास आला. ती पळाया लागली आसती तर कोकरू मेलं आसतं. मग म्या काय केलं? म्या तिला गोष्ट सांगाया सुरवात केली."

"हं?"

"मोठ्यानं. मान्साचा आवाज आला की जनावर जवळ येत न्हाय. आबाच सांगत्यात. म्हून म्या सांगतच ऱ्हायले. मला येत हुत्या तेवड्या गोष्टी सांगितल्या. मग सपल्या. मग मनानंच रचल्या. घसा सुकला. पर थांबायचं न्हाय. थांबलं की ते यील."

"हं," हळूच.

"मेंढी माज्याकडं बगायची. मी थांबले की मान हालवायची. म्या म्हनलं, ही हुंकारी देती मला. मग सांगायचे. लई येळ झाला. आबा येईनात. धुई जाईना. मला रडाया येत हुतं, पर रडत रडत गोष्ट सांगता येत न्हाय. मग खालनं पाय वाजलं. चालत चालत कोन तरी वर येत हुतं. मला वाटलं, आबा. हाक मारली. तर पाय थांबलं. आन् मेंढी थराथरा कापाया लागली."

आणि वर्गात काहीच आवाज नाही.

कुणी हुंकारी दिली नाही. कुणालाच आठवण राहिली नाही. संगीचं तोंड उघडं, गुरुजी गुडघ्यावर आलेले, मी श्वास धरलेला. आम्ही सगळे त्या घाटात उभे होतो.

इठा थांबली. तिनं एकेकाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू कमी व्हायला लागला आणि मला ते दिसत होतं.

"हं."

दाराकडून आला. जाड, भसाडा.

धुळा लवटे चौकटीला हात टेकून उभे होते. कधी आले कुणास ठाऊक. घोंगडं खांद्यावरून घसरून जमिनीला लागलं होतं. बाप पोरीकडे बघत होता, आणि ते बघणं मी या जन्मात विसरणार नाही. त्यांनी तिला त्या घाटात सोडलं होतं. परत येऊन नेलंही होतं. पण मधे काय झालं ते त्यांना आज कळत होतं.

"हं," ते पुन्हा म्हणाले. "मंग?"

त्यांच्यात मोठी माणसं सांगतात आणि पोरं हुंकारी देतात. उलटं कधी होत नाही, हे मला नंतर गुरुजींनी सांगितलं. पण वर्गातल्या धनगराच्या पोरांना ते आधीच माहीत होतं. ती सगळी वळून धुळा लवटेंकडे बघायला लागली होती.

इठा बापाकडे तोंड करून बोलायला लागली. "मग म्या आजून मोठ्यानं सांगितली गोष्ट, आबा. तुमचा आवाज काडला. तुमी मेंढरांना हाकारता तसा."

"हं."

"पाय मागं सरकलं."

"हं." या हुंकारीत आवाज फुटला.

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली. "आरं ए धुळा! घोडी थांबंनात, चल की!" घंट्या आता अगदी शाळेपाशी आल्या होत्या. इठानं ऐकलं आणि गप्प झाली. मुकाट्यानं आपल्या जागेवर गेली, दप्तर उचललं, पाटी त्यात घातली, बापाजवळ येऊन उभी राहिली. गुरुजी उठून उभे राहिले होते आणि त्यांचे हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते.

धुळा लवटेंनी पोरीकडे पाहिलं. "झाली का गोष्ट?"

"न्हाय. ऱ्हायलीया."

"किती?"

"तुमी आलासा तितपातूर."

"तितनं फुडं मी हाय गोष्टीत," ते म्हणाले. "मला ठावं हाय." मग काठीनं वर्गाकडे दाखवलं. "ह्यास्नी ठावं न्हाय."

इठा उभीच. त्यांनी वाकून तिच्या खांद्यावरचं दप्तर काढलं, आत आले, पायातल्या वहाणा दाराशीच राहिल्या, आणि ते दप्तर तिच्या जागेवर नेऊन ठेवलं.

"अर्दी गोष्ट मोडून वाटंला लागत न्हाईत," ते म्हणाले. "सांग. ही झाली की उद्या दुसरी सांग. चुलतीपाशी ऱ्हा. आमी पावसाच्या आदी येतूच."

गुरुजी त्यांच्या मागं व्हरांड्यापर्यंत गेले. मीही गेले. रस्त्यावर घोडी, कुत्री, मेंढरांचा करडा लोंढा, आणि घोड्याचा लगाम धरलेली रखमा. तिनं नवऱ्याला एकट्यालाच येताना पाहिलं, पदरानं डोळे पुसले आणि घोडं हाकललं.

पायरी उतरता उतरता धुळा लवटे थांबले.

"गुरुजी, ती परत गप झाली तर सांगावा धाडा."

"धाडतो," गुरुजी म्हणाले.

"कोकणात आसलो तरी यीन," ते म्हणाले. "हुंकारीला यीन."